सगळ्यांनी दिलेला, कुणी न वाचलेला संदर्भ

"तिला गवत ओळखता येत नाही हो. मग आकडे कुठून बरोबर येणार?"

हे वाक्य सरांचं होतं आणि ते माझ्याबद्दल होतं. मी कपाटामागे स्टुलावर बसून वाळलेल्या गवताच्या काड्या जाड कागदावर चिकटवत होते. कपाटाच्या पलीकडे सरांचं टेबल होतं आणि टेबलासमोर सीनियर मॅडम बसल्या होत्या. त्या माझ्या चार वर्षं आधीपासून सरांच्या हाताखाली पीएचडी करत होत्या. सकाळी ज्युनियर कॉलेजला शिकवायच्या आणि दुपारी रिसर्च सेंटरला यायच्या. त्या हसल्या. कुत्सित नाही, आपलं सहज.

"इंग्लिश मीडियमची आहे ना सर. तिच्यासाठी सगळंच ग्रास."

मी हलले असते तर स्टूल करकरलं असतं. म्हणून दोघं चहाला जाईपर्यंत मी गोंदाचा ब्रश हातात धरून तशीच बसून राहिले. ते गेल्यावर पाहिलं तर गोंद ब्रशवरच वाळला होता.

माझ्या आकड्यांची भानगड अशी होती. जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यात, कॉलेजपासून एसटीनं तासाभरावर एक गाव आहे. त्या गावानं आपल्या डोंगरावर बरीच वर्षं चराईबंदी केलेली आहे. गुरं सोडायची नाहीत, शेळ्या सोडायच्या नाहीत. बंदी पाळली की डोंगरावरचं गवत सुधारतं, असं आमच्या विषयातली सगळी पुस्तकं सांगतात. सुधारतं म्हणजे काय, तर कुसळी हटते आणि पवन्या येतं. पवन्या हे गुरांचं आवडीचं, मऊ गवत. कुसळीला मात्र काळी, पिळाची कुसळं येतात. ती एकमेकांत गुंततात, सलवारीत शिरतात, जनावराच्या हिरडीत रुततात. मी पीव्हीसी पाइपची एक चौकोनी चौकट घेऊन त्या डोंगरावर ठिकठिकाणी ती टाकायचे आणि आत कोणतं गवत किती आहे ते मोजायचे. गावाच्या बाजूनं मोजलं तर पुस्तकात म्हटल्यासारखं पवन्या होतं. डोंगराच्या पाठीमागे, तेवढीच वर्षं बंदी असलेल्या उतारावर, गुडघाभर कुसळी होती.

सरांनी तक्ता पाहिला आणि पेनानं खालच्या ओळीवर टकटक केलं. मागची बाजू परत मोज म्हणाले. मी परत मोजली. पुढच्या हंगामात आणखी एकदा मोजली. कुसळी होती तिथेच होती. त्यानंतर हे कपाटामागचं वाक्य आलं.

मला वाईट वाटलं, पण आश्चर्य वाटलं नाही. पप्पा शुगर फॅक्टरीत केमिस्ट, आमचं घर कोल्हारजवळ फॅक्टरीच्या कॉलनीत, आणि शाळा कॉलनीतलीच, इंग्लिश मीडियमची. घरी मराठी बोलायचो, पण वाचायचं लिहायचं सगळं इंग्रजीत. मराठीतली पाटी, लग्नपत्रिका, व्हॉट्सअ‍ॅपवरचे सुविचार एवढं मी वाचू शकायचे. त्यापुढचं वाचायला मला वेळ लागायचा, आणि वेळ लागतो हे कुणाला दिसू नये म्हणून मी वाचायचंच टाळायचे. बोलण्याचंही तसंच. वर्गात, सेंटरमध्ये, कुणी काही विचारलं की मी मान हलवायचे. माझ्या मान हलवण्याचा अर्थ लोक आपापल्या सोयीनं लावायचे आणि मी तो दुरुस्त करायचे नाही.

आमच्या सेंटरमध्ये वाचनाची एक वही होती. जाड पुठ्ठ्याची, लाल कडेची, दुकानात हिशेबाला वापरतात तसली. प्रत्येक संशोधक विद्यार्थ्यानं आठवड्यात पाच पेपर वाचायचे, त्यांची नावं आणि तीन-तीन ओळींचा सारांश वहीत लिहायचा, आणि शनिवारी सरांची सही घ्यायची. पाच पेपर वाचणं कुणालाच शक्य नव्हतं, कारण सगळे कुठे ना कुठे शिकवत होते, कुणाची मुलं लहान होती, कुणाला रोज जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर पडायचे. म्हणून सगळे वरचा सारांश वाचायचे आणि त्याचाच सारांश लिहायचे. मी नोकरी करत नव्हते, त्यामुळे खरोखर वाचायचे आणि माझे दोनच व्हायचे. माझ्या पानावर सर लाल पेनानं लिहायचे, 'वेग वाढवा.'

प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणाचीही एक रीत होती. आधीच्या संशोधनाचा आढावा त्यात घ्यायचा असतो. नवीन मुलगी आली की तिला कपाटातले काळ्या रेक्झिनचे, सोनेरी अक्षरांचे मागचे तीन प्रबंध काढून दिले जायचे. "ह्यातूनच घे, आणि दहा-पंधरा नवीन घाल," असं मलाही सीनियर मॅडमनी मायेनं सांगितलं होतं. त्यांनाही कुणीतरी तसंच सांगितलं होतं.

आणि शेवटी पेपर. दोन पेपर छापून आल्याशिवाय प्रबंध जमा करता यायचा नाही. कागदोपत्री तो नियम आता ढिला झालाय असं एकदा कुणीतरी म्हणालं, तेव्हा सर म्हणाले, "नियम काय म्हणतो ते राहू द्या. मी काय म्हणतो ते ऐका." आमच्या मोबाईलवर रोज जाहिराती यायच्या, सात दिवसांत पेपर छापून मिळेल, सोबत सर्टिफिकेट. सीनियर मॅडमचा एक पेपर असाच छापून आला होता. त्यांनी अंक दाखवला तेव्हा मी चाळला. मॅडमच्या गवतावरच्या लेखाच्या एका बाजूला योगासनांवरचा लेख होता आणि दुसऱ्या बाजूला सहकारी बँकांवरचा. मी छान आहे म्हणाले. मॅडमनी अंक परत पिशवीत घालताना माझ्याकडे पाहिलं नाही. अंक कसला आहे ते त्यांनाही माहीत होतं असं मला वाटतं.

माझ्याकडे अजून एकही पेपर नव्हता. सरांचं म्हणणं सोपं होतं. मागच्या बाजूचे आकडे वगळ, पुढच्या बाजूचे ठेव, महिनाअखेर एका कॉन्फरन्सच्या अंकात देऊन टाक. तेवढ्यानं एक पेपर झाला असता. मी मान हलवली. सरांना ते होकारार्थी वाटलं.

पण मला गवत ओळखता येत होतं. ही एक गोष्ट मला पक्की माहीत होती, कारण ते मला त्या गावातल्या एका मावशीनं शिकवलं होतं. तिची शेळ्यांची छोटी दावण डोंगराच्या पायथ्याशीच होती. पहिल्या दिवशी मी चौकट टाकून गुडघ्यावर बसले तेव्हा ती कमरेवर हात ठेवून बघत उभी राहिली.

"बाई, ह्या बिनसुताच्या खाटंवर झोपनार कोन?"

मग तीच शेजारी बसली. पवन्याचं कणीस फिकट, चोळलं की बोटांना लागत नाही. कुसळी कोवळी असताना फसवते, पण बुडाशी चपटी असते, चिमटीत धर. मारवेल गवत गाठीशी बघ. मी चुकले की ती माझ्याच हातावर गवताची काडी मारायची. "कालेजात ह्येच शिकिवत्यात व्हय?" असं म्हणून बाकीच्या बायांना हाका मारून सांगायची. दोन हंगामांनंतर ती माझी परीक्षा घेणं सोडून देऊन मलाच विचारायला लागली होती. तेव्हा गवताचा प्रश्न नव्हता. मग काय चुकत होतं?

मी सरांचं न ऐकता एक केलं. चराईबंदीनं पवन्या येतं, हे या जिल्ह्यात पहिल्यांदा कुणी म्हटलं ते शोधायला बसले. आमच्या सेंटरच्या सगळ्या प्रबंधांत त्या वाक्याला एकच संदर्भ होता, जुन्या एका पाहणीचं पुस्तक. वाक्य शब्दाला शब्द तेच. स्वल्पविरामसुद्धा तिथेच. ते पुस्तक बघायला मिळावं म्हणून मी इंटरनेटवर शोधलं, दोन लायब्रऱ्यांना मेल केले, कॉलेजच्या लायब्ररीतल्या बाईंना नाव लिहून दिलं. बाईंनी कॉम्प्युटरमध्ये टाकून पाहिलं. असं काही आपल्याकडे नाही म्हणाल्या. सीनियर मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, आधीच्या प्रबंधात होतं म्हणून मी माझ्या पेपरात घेतलं. आधीच्यांना फोन केला. तेही तेच म्हणाले.

असं मागे मागे जात मी कपाटातल्या सगळ्यात जुन्या प्रबंधापाशी आले. तो सरांचा स्वतःचा होता. कागद पिवळे, टाइपरायटरवर केलेला. संदर्भसूचीत तेच पुस्तक, तेच इंग्रजी नाव, पण इथे नावापुढे कंसात बारीक एक शब्द होता, जो नंतरच्या कुणीच उतरवून घेतला नव्हता. पुस्तक मराठीत आहे, असं तो शब्द सांगत होता.

म्हणजे आम्ही सगळे एका मराठी पुस्तकाला त्याच्या इंग्रजी भाषांतरित नावानं हाका मारत होतो. ते ओ कसं देणार?

मी ते नाव मनातल्या मनात मराठीत करून पाहिलं. जमेना. गवताळ प्रदेश म्हणू की कुरण म्हणू की चराऊ जमीन? आईला फोन केला. आईचं शिक्षण मराठीत झालंय. ती भाजी निवडत होती. गावाच्या मालकीची गुरं चरायची जागा असेल तर गायरान म्हण, म्हणाली, आणि फोन ठेवायच्या आधी विचारलं, जेवलीस का.

लायब्ररीतल्या बाईंपुढे मी 'गायरान' हा शब्द उच्चारला, तेव्हा त्यांनी कॉम्प्युटरला हातही लावला नाही. "अगं मग असं सांग ना. शेतीच्या कपाटात बघ, खालचा कप्पा. मांडी घालून बसावं लागेल."

मी मांडी घालून बसले. ते तिथेच होतं. बारीक, कव्हर गेलेलं, दोऱ्यानं शिवलेलं. पाठीमागे तारखेचे शिक्के मारायचा कागद डकवलेला असतो, तो कोरा होता. इतक्या वर्षांत एकही शिक्का नाही. आमची लॅब त्याच इमारतीत, एक जिना वर.

ते पुस्तक मी तीन दिवस वाचत होते. एवढंसं पुस्तक, तीन दिवस. रीडिंग हॉलच्या कोपऱ्यात बसायचे, ओळीखाली पट्टी धरायचे आणि पट्टी एक-एक ओळ खाली सरकवायचे. कुणी जवळून गेलं की वर एक इंग्रजी जर्नल उघडं टाकायचे. लोक अभ्यासाच्या पुस्तकाखाली कादंबरी लपवतात, मी जर्नलखाली मराठी लपवत होते. पहिल्या दिवशी अगदी संथ गेलं. दुसऱ्या दिवशी मला लेखकाची लकब कळायला लागली. तो माणूस गावागावांत पायी फिरला होता आणि फिरून आल्यावर घाईनं लिहीत नव्हता. तिसऱ्या दिवशी मी पट्टी बाजूला ठेवली, आणि बराच वेळ गेल्यावर लक्षात आलं की ती बाजूलाच राहिली आहे.

तक्ते संपले होते. सारांश वगैरे झाला होता. त्यानंतर मागे चार-पाच पानं किरकोळ नोंदींची होती, कुणीही सोडून दिली असती अशी. तिथे होतं ते. बंदी असलेल्या डोंगरावर गुरं जात नसली तरी माणसं जायची. कुसळीचं कुसळ पिकायच्या आत गावातल्या बाया विळे घेऊन गवत कापून आणायच्या. बी पडायच्या आत कुसळी कापली जायची, म्हणून ती वर्षागणिक कमी झाली आणि पवन्याला जागा मिळाली. आणि जिथे चढ अवघड होता, बाया जात नव्हत्या, तिथे बंदी असूनही कुसळीच राहिली.

मी उठले आणि पाणी पिऊन आले. मला माझ्या मराठीचा भरवसा नव्हता. पानाचा फोटो काढून आईला पाठवला आणि मला वाचून दाखव म्हटलं. तिनं फोनवर सगळं पान वाचलं, मध्ये थांबून एकदा चष्मा घेतला. मग म्हणाली, "म्हणजे नुसतं बंद करून भागत नाही, कापायलाही लागतं. ह्यात एवढं काय आहे?"

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं मी गावात गेले. मावशी शेळ्यांना पाला टाकत होती. मी तिला एवढंच विचारलं, डोंगराच्या मागच्या बाजूला गवत कापायला कोण जातं?

"माग? माग कोन जातंय आता," ती म्हणाली. "पयलं अख्खं गाव जायाचं. दसऱ्याच्या आत गवात कापून पेंढ्या रचायच्या, मगच कोयत्यावर. ऊस तोडाया गेल्यावं सा म्हयनं घरी कोन आसतंय, म्हातारी मान्सं. त्यांच्या हाताशी वैरन नको? आता गायांना मक्याचा मुरघास मिळतंय, टेम्पो दारात येतो. आमी चार-पाच बाया म्होरल्या अंगाचं कापितो, शेरडांपुरतं. माग चढवत न्हाई."

दसऱ्याच्या आतच का, मी विचारलं. मला उत्तर माहीत होतं, तरी तिच्या तोंडून हवं होतं.

"त्वा कुसळ खाऊन बघ की मंग. काळं पडायच्या आत कापाया लागतं." मग ती माझ्याकडे बघून हसायला लागली. "दोन वरीस ती खाट घेऊन फिरतीस बाई. मला इचारलं आस्तं तर पयल्याच दिशी सांगितलं आस्तं."

मी म्हटलं, विचारायचं असतं हेच मला माहीत नव्हतं. ती म्हणाली, चल, च्या घे.

परतीच्या एसटीत मला खिडकीची जागा मिळाली होती. मी बॅगेतून तक्ता काढला आणि मांडीवर पसरला. मागच्या बाजूचे आकडे. इतके दिवस ते मला माझ्या मार्कशीटवरच्या लाल आकड्यांसारखे दिसत होते. तेच, एकही न बदलता, आता माझ्याकडे असलेली सगळ्यात चांगली गोष्ट झाले होते. मला इतकं हसू येत होतं की शेजारच्या आजींनी विचारलं, निकाल लागला का गं?

सरांना हे सांगायचं कसं, हा पुढचा प्रश्न. मी सांगितलंच नाही. ते यायच्या आधी पुस्तक त्यांच्या टेबलावर ठेवलं, त्या पानाला कागदाची पट्टी लावून.  तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. टेबलावर ते पुस्तक होतं आणि शेजारी त्यांचा स्वतःचा प्रबंध.

"हे कुठे मिळालं?"

मी म्हटलं, लायब्ररीत.

"आपल्या?"

मी मान हलवली. या वेळी तिचा एकच अर्थ होता.

ते बराच वेळ प्रबंधाचं पान खालीवर करत राहिले. मग मी न विचारताच ते सांगू लागले. त्या काळी एका चर्चासत्रात कुणीतरी इंग्रजीत अर्ध्या पानाचा गोषवारा वाटला होता, त्यातून ते वाक्य घेतलं; टायपिस्ट खोळंबला होता; मूळ पुस्तक नंतर बघू म्हटलं आणि नंतर कधी आलंच नाही. त्यांचा आवाज साधा होता. सरही कधीतरी कुणाचे तरी विद्यार्थी होते, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा दिसलं. पुस्तक बंद करून ते म्हणाले, "पेपर लिही. चांगला होईल. फक्त मागच्या लोकांची नावं नकोत. 'काही संशोधकांच्या मते' असं म्हण."

मी पेपर लिहिला. पहिल्याच परिच्छेदात कोणकोणत्या प्रबंधांनी आणि पेपरांनी चराईबंदीचं ते वाक्य मूळ पुस्तक न पाहता घेतलं ते नावानिशी दिलं. सरांचाही त्यात आला. कुणाला खाली पाडायचं नव्हतं. पण नावं नसती तर पुढची मुलगी पुन्हा तेच प्रबंध कपाटातून काढून तेच वाक्य उतरवून घेणार होती. मसुदा सरांकडे गेला, नावांचं वाक्य लाल पेनानं खोडून परत आला. मी वाक्य पुन्हा घालून दिला. पुन्हा खोडून आला. तिसऱ्यांदा घातलं. आम्ही दोघंही या बाबतीत एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. लॅबमध्ये भेटलो की नेहमीसारखं गुड मॉर्निंग व्हायचं. सीनियर मॅडमनी एकदा तो मसुदा टेबलावर पाहिला, वाचला आणि मला हळूच म्हणाल्या, अगं, सहामाही बैठक तोंडावर आलीय, कशाला ताणतेस? त्यांचंही नाव त्या वाक्यात होतं. त्याबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत, आणि ते मी त्यांचं मोठेपण समजते.

तो पेपर छापून आला, हे इथेच सांगून टाकते. चांगल्या जर्नलमध्ये आला. दोन परीक्षकांनी प्रश्न विचारून भंडावलं, त्यातल्या एकानं मूळ पुस्तकाच्या पानांचे फोटो मागितले, मी पाठवले. होकाराचा मेल आला तेव्हा मी नगरच्या स्टँडवर उसाचा रस पीत होते. मी ग्लास खाली ठेवला, मेल पुन्हा वाचला, आणि अजून एक ग्लास घेतला. मावशीला छापील प्रत दिली, आभारात तिचं नाव होतं, ते मी तिला बोटानं दाखवलं. तिनं ती पेंढ्या ठेवतात त्या माळ्यावर ठेवली. लायब्ररीतल्या त्या पुस्तकाच्या मागे आता शिक्के पडलेत. पहिला माझा, दुसरा सीनियर मॅडमचा. तिसरा सरांचा.

पण नावांचं ते वाक्य पेपरमध्ये राहिलं की नाही, ते ठरलं त्याच्या बरंच आधी, सहामाही बैठकीत.

संशोधन कुठवर आलं ते पाहायला दर सहा महिन्यांनी एक समिती बसते. कॉन्फरन्स हॉलमध्ये तीन-चार जण, त्यात एक बाहेरच्या, त्या वेळी पुण्याहून आलेल्या मॅडम. टेबलावर प्लास्टिकची फुलं, चहा, बिस्किटं. आमच्याकडची रीत अशी की विद्यार्थ्यानं स्लाइड दाखवायच्या आणि प्रश्न आला की गाइडनं उत्तर द्यायचं. सर हे नेहमी उत्तम करायचे. कुणाला अडचणीत येऊ द्यायचे नाहीत. मला ती रीत फार आवडायची. आधीच्या बैठकांत मी 'थँक यू' सोडून एक शब्द बोलले नव्हते, आणि त्याबद्दल मनातून सरांची ऋणी होते.

मी स्लाइड दाखवल्या. डोंगर, चौकट, तक्ता, पुढची बाजू, मागची बाजू. शेवटच्या स्लाइडवर जुन्या पुस्तकाचं ते पान. पुण्याच्या मॅडमनी माझा अहवाल खरोखर वाचलेला होता, त्यांच्या प्रतीवर पेन्सिलीच्या खुणा होत्या. त्यांनी चष्मा काढला.

"बंदी दोन्हीकडे सारखी, वर्षं सारखी. मग तुमच्या गाइडच्या प्रबंधात, आणि या सेंटरच्या इतर प्रबंधांत, नुसत्या बंदीनं पवन्या येतं असं लिहिलंय. तुम्ही उलट म्हणताय. आम्ही काय धरायचं?"

 सरांनी कप बशीत ठेवला आणि थोडं पुढे सरकले.

"मॅडम, त्याचं असं आहे," ते त्यांच्या त्या समजावणीच्या सुरात म्हणाले, "हे आकडे अजून प्राथमिक आहेत. अजून एक हंगाम पाहिल्याशिवाय..."

ते मला वाचवत होते. स्वतःलाही वाचवत होते, पण मलाही. मॅडमनी मान डोलावून पेन्सिल उचलली. त्या लिहून घेणार होत्या. एकदा समितीच्या कागदावर 'प्राथमिक' असं लिहिलं गेलं असतं, तर माझा डोंगर, मावशीचा विळा आणि ती चार-पाच किरकोळ पानं परत त्या खालच्या कप्प्यात गेली असती. स्लाइड बदलायचं बटण माझ्या हातात होतं. मी ते टेबलावर ठेवलं.

"सर, आकडे प्राथमिक नाहीत," मी म्हणाले. माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा बराच मोठा निघाला. "मॅडम, आमच्या सगळ्या प्रबंधांतलं ते वाक्य चुकीचं आहे. सरांच्याही. ते पुस्तक मी शेवटच्या पानापर्यंत वाचलंय आणि तो डोंगर मी तीन वेळा मोजलाय. तुम्ही माझे आकडे धरा."